टपालाने काडीकिडे मागवताना फसवणूक कशी टाळावी : ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी

माझ्या मुलीच्या वर्गात काचेच्या टाकीत काडीकिडे, म्हणजे वाळक्या काडीसारखे दिसणारे ‘स्टिक इन्सेक्ट’, ठेवलेले आहेत. नाताळच्या सुट्टीत तिने घरीही तसेच काहीतरी पाळायचे, असा हट्ट धरला. मी इंटरनेटवर शोधाशोध करून एका संकेतस्थळावर पानकिड्यांची (हुबेहूब पानासारख्या दिसणाऱ्या, काडीकिड्यांच्या जवळच्या नातलगांची) तीन पिल्ले पसंत केली आणि २८ पौंड थेट बँकेतून पाठवून दिले. दुसऱ्याच दिवशी एका कुरिअर कंपनीच्या नावाने ईमेल आला. पार्सल गोदामात अडकले आहे, तापमान-नियंत्रित पेटीचे भाडे आणि लसीकरणाचा दाखला यांसाठी ६५ पौंड भरावेत, पेटी परत केल्यावर रक्कम मिळेल, असे त्यात लिहिले होते. ‘लसीकरण’ या शब्दापाशी मी थांबलो, कारण किड्यांना लस देत नाहीत. ते ६५ पौंड वाचले, पण आधीचे २८ परत आले नाहीत. मुलीने किड्यांच्या खाण्यासाठी पाण्याच्या बरणीत खोचून ठेवलेली ब्लॅकबेरीची डहाळी पुढे आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत तशीच होती आणि ती उचलून टाकताना मला फार वाईट वाटले.

त्यानंतर मी या विषयाची नीट माहिती करून घेतली. तेव्हा लक्षात आले की, ही फसवणूक मुळात कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांच्या नावाने चालणाऱ्या जुन्या फसवणुकीची नक्कल आहे. छायाचित्र बदलते, पत्राचा मजकूर तोच राहतो. म्हणून किडे प्रत्यक्षात कसे पाठवले जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला खोटे पत्र पहिल्या दोन ओळींतच ओळखता येते, आणि या लेखाची सुरुवातही तिथूनच करणे योग्य होईल.

खरा किडा कसा प्रवास करतो

काडीकिडा हा ब्रिटनमध्ये साध्या टपालाने येणारा जीव आहे. रॉयल मेलच्या नियमांत टपालाने पाठवता येणाऱ्या जिवंत जीवांची यादी आहे आणि तीत काडीकिडे, रेशीमकिडे, रातकिडे, झुरळे यांचा नावानिशी उल्लेख आहे. अट इतकीच की पार्सल किमान फर्स्ट क्लासने जावे आणि त्याची बांधणी जीव व टपाल कर्मचारी या दोघांनाही सुरक्षित असावी. अनुभवी पैदासकार सुईने भोके पाडलेल्या लहान प्लास्टिकच्या डबीत पिल्लांना ठेवतो. डबीत किंचित ओलसर टिश्यू पेपर असतो, धरून राहायला आणि खायला एखादी कोवळी डहाळी असते आणि ती डबी जाड पुठ्ठ्याच्या किंवा थर्मोकोलच्या खोक्यात घट्ट बसवलेली असते. थंडीत उष्णता देणारी पुडी घातली तर ती डबीच्या बाहेर, कागदात गुंडाळून ठेवतात, कारण ती डबीला चिकटली तर आतला जीव भाजून मरतो. पार्सल सोमवार ते बुधवार या दिवसांत टाकले जाते, म्हणजे ते शनिवार-रविवारी गोदामात पडून राहत नाही. कडाक्याची थंडी किंवा उन्हाची लाट असेल, तर चांगला विक्रेता स्वतःहून कळवतो की पाठवणी आठवडाभर पुढे ढकलतो आहे.

या सगळ्याचा टपालखर्च काही पौंडांचा असतो आणि तो खरेदीच्या वेळीच सांगितलेला असतो. भाड्याची पेटी, प्रवासविमा, विलगीकरण शुल्क, पशुवैद्याचा दाखला, परत मिळणारी अनामत यांतले देशांतर्गत किड्यांच्या पार्सलात काहीही नसते. त्यामुळे पैसे भरून झाल्यावर यांपैकी कोणत्याही नावाने दुसरी मागणी आली, तर ती फसवणूकच आहे असे धरून चालावे. मागणी करणारा कितीही सौजन्याने लिहो, किंवा पैसे न भरल्यास प्राण्यांच्या छळाचा गुन्हा दाखल होईल असे धमकावो, उत्तर देऊ नये. छळाच्या धमकीला तर कायद्याचा आधारही नाही. २००६ चा ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरता आहे आणि कीटक त्यात येत नाहीत.

याच कायद्याची दुसरी बाजू मात्र ग्राहकाला अडचणीची ठरते. इंग्लंडमध्ये कुत्र्याची पिल्ले व्यवसाय म्हणून विकणाऱ्याकडे स्थानिक कौन्सिलचा परवाना असावा लागतो आणि त्याचा क्रमांक आपण पडताळू शकतो. कीटक विकणाऱ्याला तसा परवाना लागत नाही, म्हणजे पडताळायला क्रमांकही नसतो. विक्रेत्याची पारख आपल्यालाच करावी लागते.

विक्रेत्याची पारख

पहिली पायरी छायाचित्रांची. जाहिरातीतले प्रत्येक छायाचित्र गूगल लेन्स किंवा टिनआय यांवर टाकून शोधावे. तेच चित्र एखाद्या संग्रहालयाच्या पानावर किंवा दुसऱ्या देशातल्या पैदासकाराकडे सापडले, तर पुढे जाऊ नये. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रेही येतात, म्हणून पाय मोजावेत. ते सहा असायला हवेत आणि सहाही छातीच्या भागातून निघायला हवेत, पोटातून नव्हे. यापेक्षा भरवशाचा उपाय म्हणजे ताजा व्हिडिओ मागणे. आजची तारीख आणि तुमचे नाव लिहिलेला कागद, त्याच्या शेजारी हलणारा किडा, वीस सेकंद पुरेत. ज्याच्या घरात किडे आहेत त्याला हे करायला पाच मिनिटे लागतात.

दुसरी पायरी प्रश्नांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. किडे पाळणारा माणूस त्यांच्याबद्दल बोलायला उत्सुक असतो. ही पिल्ले कोणत्या पाल्यावर वाढवली, कितव्यांदा कात टाकून झाली, शेवटची कात कधी टाकली, खोलीचे तापमान किती ठेवता, हे चार प्रश्न विचारावेत. खऱ्या पैदासकाराचे उत्तर ठोस असते : ‘ब्लॅकबेरीवर वाढवली आहेत, ओकही खातात, तिसऱ्या टप्प्यात आहेत, मागच्या गुरुवारी दोघांनी कात टाकली, म्हणून ती दोन पुढच्या आठवड्यातच पाठवीन.’ कात टाकून नुकतेच मोकळे झालेले पिल्लू मऊ असते आणि प्रवासात त्याचे पाय तुटतात, म्हणून जाणकार थांबतो. ठगाचे उत्तर ‘अतिशय निरोगी, कुटुंबात रमणारे’ असे येते आणि पुढच्याच वाक्यात पैशांचा विषय निघतो.

तिसरी पायरी कागदोपत्री आहे आणि ती पटकन उरकता येते. संकेतस्थळाचा पत्ता डॉट यूके असल्यास, अशा पत्त्यांची नोंदणी सांभाळणाऱ्या नॉमिनेट या संस्थेच्या शोधसुविधेत तो केव्हा नोंदवला ते पाहावे. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणारे संकेतस्थळ दोन महिन्यांपूर्वी नोंदवलेले असेल तर अर्थ उघड आहे. नावापुढे लिमिटेड असेल तर कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसच्या यादीत विनामूल्य शोधता येते. व्यवसाय करणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष पत्ता देणे कायद्याने बंधनकारक आहे. तो पत्ता नकाशावर उघडून पाहावा. फेसबुक मार्केटप्लेसच्या नियमांत प्राण्यांच्या विक्रीला मनाई आहे, त्यामुळे तिथली जाहिरात मुळातच नियम मोडून आलेली असते आणि व्यवहार बिघडल्यास तिथून मदतीची अपेक्षा करता येत नाही.

किमतीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. शाळांमध्ये दिसणारा नेहमीचा ‘भारतीय काडीकिडा’, म्हणजे कॅरॉसिअस मोरोसस, मूळचा तमिळनाडूतल्या पलनी डोंगररांगांचा. या जातीत नर क्वचितच आढळतो. मादी नराविना अंडी घालते आणि एकच मादी आयुष्यात शेकड्यांनी अंडी टाकते. परिणामी ज्याच्याकडे हे किडे असतात त्याच्याकडे ते नेहमीच जास्त असतात आणि मागितले तर पुष्कळदा फुकट मिळतात. अशा किड्याच्या जोडीला कोणी ४० पौंड मागत असेल, ‘नर-मादीची खात्रीची जोडी’ असे म्हणत असेल, तर त्याला त्या जातीची प्राथमिक माहितीही नाही. उलट्या बाजूने, महाकाय हर्क्युलिस भुंगेरा किंवा फुलासारखा दिसणारा ऑर्किड मॅन्टिस (आपल्याकडच्या खंडोबाच्या किड्याचा नातेवाईक) चालू भावाच्या निम्म्याने देऊ करणारी जाहिरात हेही आमिषच असते. पूर्ण वाढीच्या मॅन्टिसबाबत आणखी एक अडचण आहे. त्याचा नर शेवटची कात टाकल्यानंतर थोडेच आठवडे जगतो. ‘पूर्ण वाढ झालेला, देखणा’ म्हणून विकलेला नर पंधरा दिवसांत मेला तर विक्रेत्याने खोटे काही सांगितलेले नसते, पण घेणाऱ्याची निराशा मात्र खरीच असते. म्हणून शेवटची कात टाकल्याची तारीख लेखी मागावी, किंवा सरळ पिल्लूच घ्यावे.

अंडी घेताना विशेष काळजी

टपालाने सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे अंडी. थंडीवाऱ्याची त्यांना पिल्लांइतकी बाधा होत नाही आणि ती साध्या पाकिटातून येतात. नेमकी हीच गोष्ट ठगालाही सोयीची पडते, कारण अंडी फुटायला वेळ लागतो. भारतीय काडीकिड्याची अंडी साधारण दोन ते चार महिन्यांत फुटतात, पानकिड्यांची चार ते सहा महिने घेतात आणि मलेशियातल्या मोठ्या काटेरी काडीकिड्याची, हेटेरोप्टेरिक्स डिलाटाटाची, सहजच वर्षभर. पेपालवर तक्रार नोंदवण्याची मुदत १८० दिवसांची असते आणि कार्डावरून रक्कम परत मागण्याची सर्वसाधारण मुदत १२० दिवसांची. म्हणजे काही जातींच्या बाबतीत, आपण फसलो आहोत हे कळेपर्यंत पैसे परत मिळवण्याचा मार्ग बंद झालेला असतो.

यावर उपाय असा की, अंडी हाती पडताच ती भिंगाखाली पाहावीत. मी दहा पट मोठे दाखवणारे, जवाहिऱ्याचे असते तसे साधे भिंग वापरतो. काडीकिड्याचे अंडे दिसायला बीसारखेच असते. निसर्गातही मुंग्या ते बी समजून वारुळात नेतात. पण नीट पाहिले तर एका टोकाला गोल झाकण दिसते, कारण पिल्लू तेच उचलून बाहेर येते. भारतीय काडीकिड्याच्या तपकिरी अंड्यावर त्या झाकणावर पिवळसर गोंडाही असतो. कडेला लांबट किंवा पिंपळपानासारखा एक व्रण असतो. झाकण आणि व्रण दोन्ही नसतील, तर हातात अंडे नसून एखाद्या रोपाचे बी आहे. दाबून पाहता आत पोकळ किंवा सुरकुतलेले लागले, तर ते अंडे वाळून गेले आहे. ही पाहणी पहिल्याच दिवशी करावी, छायाचित्रे काढावीत आणि विक्रेत्याकडून अंडी घातल्याचा महिना लेखी मागून घ्यावा. वर्षभर वाट पाहावी लागणाऱ्या जातींची अंडी अनोळखी माणसाकडून घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे कसे द्यावेत

कोणत्या मार्गाने पैसे दिले यावर ते परत मिळणार की नाही हे बहुतांशी ठरते. पेपालवर दोन प्रकार असतात. ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ या प्रकारात खरेदीदाराला संरक्षण मिळते, तर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवलेल्या पैशांना ते नाही. विक्रेता ‘शुल्क वाचेल’ म्हणून दुसऱ्या प्रकाराचा आग्रह धरत असेल तर ते दोन-तीन टक्के आपण स्वतः सोसण्याची तयारी दाखवावी. तरीही तो नाही म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

क्रेडिट कार्डाने १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीची वस्तू घेतली, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. बहुतेक किडे याहून स्वस्त असल्याने हे कलम फारसे लागू पडत नाही. तिथे बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे कार्डावरून गेलेल्या रकमेचा परतावा, मागता येतो आणि तो डेबिट कार्डावरही मिळू शकतो.

थेट बँकेतून पाठवलेल्या पैशांबाबत अनेकांची समजूत अशी की, आता बँका परतफेड करतातच. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देण्याचे बंधन बँकांवर आले आहे, हे खरे. पण त्यातून १०० पौंडांपर्यंत रक्कम कापून घेण्याची मुभा बँकेला आहे आणि परदेशी खात्यात गेलेले पैसे त्या नियमात बसत नाहीत. २८ पौंडांच्या पानकिड्यांचे काय होणार हे यावरून कळते. माझे नेमके तेच झाले. पैसे पाठवताना बँकेचे ॲप ‘खातेदाराचे नाव जुळत नाही’ असे दाखवत असेल, तर ‘ते माझ्या भावाचे खाते आहे’ हे स्पष्टीकरण मान्य करू नये. गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो चलन मागणाऱ्याशी तर बोलणेच थांबवावे.

पैसे देण्यापूर्वी ‘जिवंत पोचण्याची हमी’ वाचावी. तीत बहुधा अट असते की पार्सल पहिल्याच फेरीत कोणीतरी घ्यायला हवे आणि मेलेल्या जीवाचे छायाचित्र दोन तासांत किंवा त्याच दिवशी पाठवायला हवे. ही अट पाळता येणार नसेल, म्हणजे दोघेही कामावर असाल, तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे किंवा सुट्टीच्या दिवसाशी जुळणारी पाठवणी ठरवावी. ‘टपालात टाकल्यावर आमची जबाबदारी संपली’ असे एखाद्या व्यावसायिक विक्रेत्याने लिहिले असेल, तर ते वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतचा धोका विक्रेत्याचा असतो आणि वेगळे काही ठरले नसेल तर माल ३० दिवसांच्या आत पोचता करावा लागतो. हौसेखातर चार पिल्ले विकणाऱ्या खासगी माणसाला मात्र ही कलमे लागू होत नाहीत.

पार्सल आल्यावर

खोके फोडण्यापूर्वी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करावे आणि डबी उघडून आतला प्रत्येक जीव दिसेपर्यंत ते मध्ये थांबवू नये. प्रथम पत्त्याची चिठ्ठी आणि टपालाचा शिक्का, मग खोक्याची स्थिती, मग डबी, असा क्रम ठेवावा.

इथे एक चूक नवीन माणसाकडून हमखास होते. काडीकिडा घाबरला की मेल्याचे सोंग घेतो. पुढचे दोन पाय डोक्यापुढे सरळ ताणून, बाकीचे अंगाला चिकटवून तो वाळक्या काडीसारखा पडून राहतो, आणि बोटाने उलटवला तरी हलत नाही. थंडीतून आलेला असेल तर हे तासन्‌तास चालते. तेव्हा छायाचित्र लगेच पाठवावे, पण सोबत ‘हालचाल दिसत नाही, खोलीच्या तापमानात ठेवून पाहतो’ असे प्रामाणिकपणे लिहावे. डबी रेडिएटरवर ठेवू नये. साध्या खोलीत ठेवून पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि ताजी पाने द्यावीत. खरोखर मेलेल्या किड्याचे पोट सुरकुतते, काळपट पडते आणि वास येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळवावे. असे वागणाऱ्या ग्राहकाला चांगला पैदासकार बहुतेक वेळा न मागताही दुसरी पिल्ले पाठवतो.

फसवणूक झालीच तर

सर्वप्रथम बँकेला फोन करावा. १५९ हा क्रमांक लावला की ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाशी जोडून देतात. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ०३०० १२३ २०४० वर फसवणुकीची नोंद होते, तर स्कॉटलंडमध्ये पोलिसांच्या १०१ वर. संशयास्पद एसएमएस ७७२६ वर पुढे पाठवावा. विक्रेता खरा आहे पण दाद देत नाही, अशा प्रकरणात सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ०८०८ २२३ ११३३ या विनामूल्य क्रमांकावर सल्ला मिळतो. जाहिरातीचे पान, संभाषण आणि पैसे दिल्याची पावती यांची छायाचित्रे तक्रार करण्यापूर्वीच काढून ठेवावीत, कारण खोटे संकेतस्थळ एका रात्रीत नाहीसे होते. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा कोणी आला, तर तोही त्याच टोळीतला असण्याची शक्यता धरावी.

परदेशातून मागवणे, आणि भारतातल्या नातेवाइकांसाठी पाठवणे, याबद्दल मला वारंवार विचारले जाते. आंतरराष्ट्रीय टपाल करारात जिवंत प्राणी पाठवायला मनाई आहे आणि मधमाश्या, जळवा, रेशीमकिडे असे मोजकेच अपवाद आहेत. काडीकिडे, भुंगेरे आणि मॅन्टिस त्यांत नाहीत. त्यामुळे ‘साध्या पाकिटातून घालून पाठवतो’ म्हणणारा परदेशी विक्रेता एक तर नियम मोडतो आहे किंवा काहीच पाठवणार नाही. पाला खाणाऱ्या परदेशी किड्यांवर ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे वनस्पती-आरोग्याचे निर्बंध आहेत. भारतात काही फुलपाखरे व भुंगेरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, हेही पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावे. तिथे कोणी ऑनलाइन फसले असेल तर १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर, काही तासांच्या आतच, कळवावे, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात.

आमच्या घरी शेवटी काडीकिडे आले ते टपालाने नव्हेच. १९८० पासून चालू असलेल्या फॅस्मिड स्टडी ग्रुप या काडीकिडे-पानकिडे अभ्यासकांच्या मंडळाचे सभासद आपल्याकडचे जादा किडे आणि अंडी एकमेकांना देतात, आणि १९३५ साली स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर एंटमॉलॉजिस्ट्स सोसायटी या हौशी कीटक-अभ्यासकांच्या संस्थेचे प्रदर्शन शरद ऋतूत लंडनजवळच्या केम्प्टन पार्क रेसकोर्सवर भरत आले आहे. तिथे एका टेबलामागच्या आजोबांनी मुलीच्या तळहातावर एक पिल्लू चालवत नेले, डबीत ब्लॅकबेरीची दोन पाने घातली आणि झाकणावर शेवटची कात टाकल्याची तारीख पेन्सिलीने लिहून दिली.